जपानमध्ये शिकवायला जाताय? जुन्या घरात या चुका टाळा

आमच्या गल्लीतला एक मुलगा जुलैअखेर जपानला इंग्रजी शिकवायला निघालाय. परवा त्याच्या आईनं मला सामान बघायला बोलावलं. मिक्सर, पाणी तापवायचा रॉड, काळ्या मसाल्याचा डबा, बिबड्यांची पिशवी, सगळं दिवाणावर मांडून ठेवलेलं. मसाला आणि बिबडे मी राहू दिले. मिक्सर आणि रॉड बाहेर काढायला लावले.

नागानो प्रांतातल्या एका लहान गावात मी तीन वर्षं शिकवलं. राहायला जुन्या, दुमजली लाकडी इमारतीत वरची खोली होती. तिथं माझ्या हातून जे काही बिघडलं, ते बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या घरच्या सवयी तशाच्या तशा चालवल्यामुळे. म्हणून खान्देशातून जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

दारं-खिडक्या लावून बसणं

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ वाजताच खिडक्या लावून पडदे ओढतात. ऊन आत येऊ द्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींना ते मानवतंही. जपानमधल्या जुन्या लाकडी घराच्या भिंती पातळ आणि खिडकीला काच एकेरी. तिथला खरा त्रास ओल आहे. भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे, आपला श्वास, सगळं पाणी गार काचेवर आणि भिंतीवर जमतं.

त्यात हिवाळ्यात रॉकेलचा हीटर. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. मला हे माहीत नव्हतं. थंडी वाजते म्हणून मी खिडकीच्या फटीला टेप लावली होती. रोज सकाळी काचेवरून पाणी ओघळायचं, ते फडक्यानं पुसायचं आणि शाळेत जायचं.

त्याहून मोठी चूक गादीची. तिथं ततामीवर, म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर, फुतोन नावाची पातळ गादी घालतात. मी ती घातली ती घातलीच. आपल्याकडे खाटेवरची गादी रोज कोण उचलतं? दोन महिन्यांनी झाडायला म्हणून उचलली, तर खालच्या अंगाला पाठीच्या आकाराचा ओला डाग आणि त्यावर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. खालच्या ततामीवर हिरवट बुरशी. हात लावला तर बोटाला पीठ लागावं तशी लागली.

फुतोन रोज सकाळी उचला. लगेच घडी करून कपाटात कोंबू नका. आधी खुर्चीवर टाकून अर्धा तास वारा लागू द्या. ऊन पडलं की बाल्कनीत वाळत घाला. खाली सुनोको नावाची लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवली तर हवा खेळती राहते. भिंतीतलं कपाट आठवड्यातून एकदा तरी दिवसभर उघडं ठेवा. हीटर चालू असेल तेव्हा तासातून एक-दोनदा, दोन-तीन मिनिटं का होईना, खिडकी उघडा. हे फक्त ओलीसाठी नाही. कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर पडा. हीटर पेटता असताना रॉकेल भरू नका, तो चालू ठेवून झोपू नका, आणि मुळात घरमालक रॉकेलला परवानगी देतो का ते विचारा. पुष्कळ इमारतींत मनाई असते.

बुरशी आलीच तर ततामीवर पाणी ओतू नका, ब्लीचही नको, रंग उडतो. कापडावर अल्कोहोल घेऊन विणीच्या दिशेनं पुसा आणि पंखा लावून वाळवा. मोरीतल्या काळ्या बुरशीला क्लोरीनचा फवारा चालतो, पण टॉयलेटच्या ॲसिडबरोबर तो कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. जूनमध्ये तिथला पावसाळा सुरू होतो. त्याआधी हे सगळं अंगवळणी पडलेलं बरं.

बादलीनं संडास धुणं

हे मला अजून टोचतं. पहिल्या रविवारी मी घर स्वच्छ करायला घेतलं. संडासात फिनेल टाकलं आणि बादलीभर पाणी ओतलं, जसं आपण ओततो. पाणी कुठं जातंय म्हणून बघते, तर जमिनीला जाळीच नाही. फळ्यांवर नुसतं पातळ आवरण चिकटवलेलं, आणि कडेच्या फटीतून पाणी खाली निघालेलं. खालच्या मजल्यावर एकट्या आजी राहायच्या. त्यांच्या छतावर ताटाएवढा डाग पडला. त्या वर आल्या त्या रागवायला नाही, माझ्या घरात काही फुटलं का ते विचारायला. मी अक्षरशः वाकून माफी मागितली.

तिथं पाणी सांडायची जागा फक्त अंघोळीची खोली. संडास, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीनचा कोपरा, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. मशीनची सांडपाण्याची नळी भोकात नीट बसली आहे की नाही, हेही पहिल्या धुण्याआधी बघा. शेवभाजीची उरलेली तर्री सिंकमध्ये ओतू नका. जुन्या अरुंद पाइपात तेल थिजतं आणि पाणी उलटं येतं. भांडं आधी कागदानं पुसून मग धुवा.

नळ गोठणं

नागानो, तोहोकू, होक्काइदो या भागात जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. पारा उणे चारच्या आसपास जाणार असेल तर रात्री पाइपातलं पाणी काढून टाकायचं. त्यासाठी घरात वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करून सगळे नळ उघडायचे, म्हणजे पाइप रिकामे होतात. व्हॉल्व्ह कुठं आहे ते पहिल्याच आठवड्यात कुणाकडून तरी दाखवून घ्या. तरी नळ गोठलाच तर उकळतं पाणी ओतू नका, पाइप तडकतो. पाइपाला टॉवेल गुंडाळा आणि त्यावर कोमट पाणी हळूहळू सोडा.

मिक्सर आणि रॉड

जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, आपली 230. आपला हजार वॅटचा रॉड तिथं जेमतेम 190 वॅट देतो. बादली तापेपर्यंत शाळेची वेळ होते. मिक्सरची मोटर गुरगुरते, पण चटणी वाटली जात नाही. उलट तिथला राइस कुकर जळगावला आणून थेट लावला तर जळतो. पिनाही वेगळ्या, दोन चपट्या.

जुन्या घरात विजेचा करार बऱ्याचदा 20 ॲम्पियरचाच असतो. म्हणजे सगळं मिळून 2000 वॅट. मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली की घर अंधारात. तसं झालं तर एक उपकरण काढा आणि दाराजवळच्या पेटीतला खटका वर करा. आई संध्याकाळी फोनवर "काय करी राहिनी वं?" विचारायची, तेव्हा मी पुष्कळदा त्या पेटीखाली स्टुलावर उभी असायचे.

गॅसची शेगडी घेताना घरात सिलेंडरचा गॅस आहे की पाइपाचा, ते विचारूनच घ्या. एकाची शेगडी दुसऱ्यावर लावणं धोक्याचं आहे. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा तुम्ही घरी असावं लागतं. फोडणी टाकण्याआधी पंखा लावा, नाहीतर छतावरचा अलार्म ओरडतो. कचऱ्याचे वार आणि पिशव्या गावागणिक वेगळ्या असतात. नगरपालिकेचा तक्ता आणून फ्रिजवर लावा.

पहिल्या आठवड्यात राहून जाणारी कामं

सामान उघडण्याआधी प्रत्येक भिंतीचा, ततामीचा, खिडकीचा फोटो काढा. घर सोडताना अनामत रकमेचा हिशेब होतो, तेव्हा आधीचे डाग तुमच्या नावावर जायला नकोत. इमारत केव्हाची आहे, तेही विचारा. भूकंपासाठीचे कडक बांधकाम नियम 1 जून 1981 पासून लागू झाले. त्याआधीचं घर असेल तर निदान जड कपाट झोपायच्या जागेजवळ ठेवू नका. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो.

आणि शेजाऱ्यांना भेटा. एखादा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा घेऊन, नाव सांगून यायचं, एवढीच रीत आहे. दोन्ही बाजूंकडे जा, पण खालच्यांकडे आधी जा. मी डाग पडल्यावर गेले होते.