दोन-तीन ४के मॉनिटर जोडताय? या चुका टाळा

दुसरा मॉनिटर जोडला आणि ‘नो सिग्नल’ आलं, की पहिला संशय मॉनिटरवरच जातो. मग तो खोक्यात भरून दुकानात परत न्यायची तयारी सुरू. जरा थांबा. बहुतेक वेळा मॉनिटर ठणठणीत असतो, गडबड कॅबिनेटच्या मागे नाहीतर केबलमध्ये असते.

कॅबिनेट वळवून मागे बघा. यूएसबी आणि लॅनच्या शेजारी असलेला एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचा. त्याच्या खाली आडव्या पट्टीवर तीन-चार पोर्ट असतील, तर ते ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असूनही केबल वरच्या पोर्टात लावणं ही सर्रास होणारी चूक. आय५-१२४००एफ सारख्या, शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे तिथे वरच्या पोर्टातून काहीच येणार नाही. इतर प्रोसेसर असले तरी कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते वापरायचंच असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं.

आता खरी डोकेदुखी. चित्र आलं, रिझोल्यूशनही बरोबर दिसतंय, पण माउसचा बाण अडखळत सरकतो आणि पान स्क्रोल करताना डोळे दुखतात. लोक इथे रॅम वाढवायला निघतात! सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, ते बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसलं तर चोर सापडला. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे २४ बिट, तेही सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, म्हणजे जवळपास १२ गिगाबिट. एचडीएमआयच्या जुन्या १.४ व्हर्जनची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यातलेही चित्राच्या वाट्याला येतात ८.१६. म्हणून गाडी ३० वर अडते. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (चित्र पाठवणारा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) असेल तर ६० आरामात मिळतं, पण पोर्ट, केबल आणि मॉनिटर तिघांनीही ते पेलायला हवं. पोर्टचं व्हर्जन मदरबोर्डच्या किंवा कार्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॉनिटरचा स्वतःचा मेनूही उघडून बघा. काही मॉनिटरांत पोर्ट जुन्या व्हर्जनवर ठेवायची सोय असते आणि कधीकधी ते तिथेच राहिलेलं असतं.

कधी उलटं होतं. ६० हर्ट्झ मिळतं, पण काळ्यावरची लाल अक्षरं कडेने फिसकटलेली दिसतात. बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहायची क्षमता, कमी पडल्यामुळे कार्ड रंगांची माहिती छाटून पाठवतंय. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कलर फॉरमॅट ४:२:० (छाटलेले रंग) असेल, तर आरजीबी (पूर्ण रंग) निवडा. यादीत आरजीबी दिसतच नसेल, तर पुन्हा केबल आणि पोर्टच तपासा.

ॲडॅप्टर घेताना दिशा विचारून घ्या. कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारा साधा ॲडॅप्टर बहुधा चालतो, कारण कार्डाचा पोर्ट स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतो. उलट दिशेने तो चालत नाही. तिथे ॲक्टिव्ह, म्हणजे सिग्नल स्वतः बदलून देणारा, कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेकदा यूएसबीतून वीज द्यावी लागते. सरळ दिशेतही स्वस्तातले ॲडॅप्टर ४केला ३० हर्ट्झवरच थांबतात. खोक्यावर ‘४के ६०’ लिहिलेला ॲक्टिव्ह ॲडॅप्टरच मागा.

एचडीएमआय स्प्लिटर घेऊन दोन स्वतंत्र पडदे मिळतील, ही आशा सोडा. तो एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो. डिस्प्लेपोर्टच्या एमएसटी हबमधून (एका पोर्टातून अनेक मॉनिटर चालवणाऱ्या डब्यातून) वेगळी चित्रं मिळतात, पण ॲपलच्या मॅक मिनीवर ती सोय चालत नाही, तिथे हबवरचे दोन्ही पडदे सारखेच राहतात. शिवाय बँडविड्थ वाटली जाते: डिस्प्लेपोर्ट १.२ वर १४४०पी चे (२५६० गुणिले १४४० पिक्सेलचे) दोन मॉनिटर ६० हर्ट्झवर चालतील, ४केचे दोन नाही. पोर्ट संपले म्हणून यूएसबीवर चालणारा डिस्प्लेलिंकचा डॉक घेत असाल, तर एक्सेल-ईमेलसाठी खुशाल घ्या, गेमिंगसाठी नको.

पडदा मधूनच एक-दोन सेकंद काळा होत असेल तर आधी केबल आखूड करून बघा. माझं मत, दोन मीटरच्या वर जाऊच नये. काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलांत २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. साध्या केबलमध्ये ती जोडलेली असता कामा नये. त्या पिनेतून मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते आणि पीसी सुरू होताना अडतो. केबल काढल्यावर पीसी नीट सुरू झाला, तर ती केबल कचऱ्यात टाका.

मॉनिटर बंद करून चालू केल्यावर सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर गोळा होतात, हा मात्र बिघाड नव्हे. डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बंद झाला की विंडोजला तो काढून घेतल्यासारखाच वाटतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तिथे टिक करा.