आकार बघून कॅक्टस घेताय? आधी पावसाळ्याची सोय करा

मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पसरलेला, नाहीतर मेणबत्ती वितळून खाली ओघळल्यासारखा कॅक्टस एकदा हातात घेतला की माणूस परत साधं गुलाबाचं रोप बघत नाही. मी गेली बारा वर्षं पुण्यात गच्चीवर असेच कॅक्टस वाढवतोय, आणि नवीन कुणी विचारलं की मी रोपांची यादी देत नाही, आधी विचारतो की जुलैमध्ये ही कुंडी कुठे ठेवणार? कारण आपल्याकडे हे कॅक्टस उन्हाने फारसे मरत नाहीत, पावसाने मरतात. पहिल्या वर्षी माझी अकरा रोपं गेली, सगळी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्यातलं एक ॲस्ट्रोफायटम जातीचं रोप वरून अगदी टवटवीत दिसत होतं, उचललं तर बुडाशी बोट आत गेलं.

म्हणून पहिला खर्च रोपावर नाही, छतावर. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा, चारही बाजू मोकळ्या, वारा आरपार जायला हवा. मार्च ते मे त्याच्याच खाली ५० टक्के सावली देणारी हिरवी नेट बांधायची, पावसाला सुरुवात झाली की काढायची, कारण ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो. कोकणात नि मुंबईत हवेतच इतका ओलावा असतो की तिथे एक छोटा पंखा लावला तरी बराच फरक पडतो. पावसाळ्यात पाणी अजिबात बंद करायचं असं नाही, दोन-तीन कोरडे उघडीपीचे दिवस आले की सकाळी थोडं द्यायचं, तेही माती तळापर्यंत सुकली असेल तरच.

मातीबद्दल प्रत्येकाचा आपला फॉर्म्युला असतो. माझं म्हणाल तर तीन भाग खडबडीत माल आणि एक भाग गांडूळखत-कोकोपीट. खडबडीत म्हणजे फुटक्या विटांचा चुरा, जाड वाळू, परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र दाणे), प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड मिळाला तर फारच छान. चुरा चहाच्या गाळणीतून चाळायचा आणि खाली पडणारी पूड टाकून द्यायची, ही पूडच नंतर तळाशी बसून चिखल करते. काळी माती चिमूटभरसुद्धा नको. वर बोटभर खडी पसरायची म्हणजे रोपाची मान कोरडी राहते. कुंडी रोपापेक्षा जेमतेम बोटभर मोठी, मोठ्या कुंडीत रोप लवकर वाढेल ही समजूत चुकीची आहे, जास्तीची माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

आता आकारांकडे येऊ. कॅक्टसची वाढ शेंड्यावरच्या एका बिंदूतून होते. तो बिंदू लांबट होऊन त्याची रेघ झाली की रोप पंख्यासारखं पसरतं, मग जागा पुरत नाही म्हणून वळ्या पडतात, याला क्रेस्ट किंवा क्रिस्टाटा म्हणतात. आणि एकाच्या जागी इकडेतिकडे भरपूर शेंडे फुटले, गाठी आल्या, तर तो मॉन्स्ट्रोस. कधी जखमेमुळे, कधी किडीमुळे, कधी रोपाच्या जनुकातच बदल होऊन असं होतं. नवीन माणसाने मॅमिलेरिया इलोंगाटा क्रिस्टाटापासून सुरुवात करावी, ब्रेन कॅक्टस म्हणतात तो हाच, स्वस्त आहे आणि बराच सोसतो. नंतर सेरियस मॉन्स्ट्रोस. मग युफोर्बिया लॅक्टियाचा क्रेस्ट, हा कॅक्टस नाही, आपल्या चीक येणाऱ्या त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद आहे, याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, कापताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा.

क्रेस्टची एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. त्यातून मधूनच साधी सरळ फांदी फुटते, दिसायला गोड असते म्हणून माणूस ठेवतो, आणि ती इतक्या जोरात वाढते की वर्ष-दोन वर्षांत क्रेस्ट मागे पडतो. दिसली की त्याच दिवशी बुडापासून काढायची, कापलेल्या जागी दालचिनीची पूड नाहीतर ‘साफ’ नावाची बुरशीनाशक पावडर लावायची. काढलेली फांदी फेकू नका, आठवडाभर सावलीत सुकवून लावली की तिचं वेगळं रोप होतं.

विकत घेताना रोप हातात धरून बघा. हलवल्यावर कुंडीत डुगडुगतंय का, बुडाशी तपकिरी मऊ डाग आहे का, काट्यांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी मिलीबग कीड आहे का. काट्यांना भडक निळा-गुलाबी रंग मारलेली रोपं घेऊच नका, रंगाखाली उजेड पोचत नाही. डोक्यावर सुकलेलं फूल दिसलं तर हळूच ओढून बघा, ते बरेचदा गरम गोंदाने चिकटवलेलं असतं. आणि लाल-पिवळा चेंडू हिरव्या खुंटावर बसवलेला जो मून कॅक्टस मिळतो, त्याच्या लाल भागात हरितद्रव्य नसतं, खुंट गेला की तोही गेला.

पार्सलने मागवलं असेल तर आल्या आल्या लावायची घाई करू नका. मुळांवर मिलीबग आहे का ते भिंगाने बघा, मेलेली मुळं छाटा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा, कोरड्या मातीत लावा आणि पाणी आठवड्याने. नवीन रोप महिनाभर बाकीच्यांपासून लांबच ठेवायचं, एका पार्सलमधून आलेल्या कीडीने माझ्या आख्ख्या एका रॅकवर सहा महिने ठाण मांडलं होतं.

दुर्मिळ रोपं जमवायची तर कलम करायला शिकावंच लागतं, कारण हळू वाढणारं रोप खुंटावर कितीतरी पटीने भराभर वाढतं. आपल्या हवेला ड्रॅगन फ्रूटचा खुंट सगळ्यात सोपा, थंडीत मात्र त्याला जपायचं. फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. खुंट चार-पाच इंच उंच, ताजा, रसरशीत हवा. नवीन ब्लेड स्पिरिटने पुसायचं आणि एका झटक्यात शेंडा उडवायचा, करवतीसारखं पुढेमागे केलं तर काप ओबडधोबड होतो. तिन्ही धारा तिरक्या तासायच्या, नाहीतर सुकताना मधला भाग खोलगट होतो आणि वरचं रोप सुटतं. कापलेल्या जागेच्या मध्यावर एक फिकट कडी दिसते, दमट, जराशी चमकणारी. वर बसवायच्या तुकड्यातही तशीच छोटी कडी असते. या दोन्ही कड्या एकमेकींना कुठेतरी छेदल्याच पाहिजेत, म्हणून छोटा तुकडा बरोबर मध्यात न ठेवता थोडा बाजूला सरकवून कडीवर ठेवतात. हलकं दाबून गोल फिरवायचं म्हणजे हवा निघते, वरून दोन रबरबँड कुंडीखालून घ्यायचे, आणि दहा दिवस सावलीत, जोडावर पाण्याचा थेंब नको. माझी पहिली सहा कलमं फुकट गेली, सातवं लागलं.

कॅक्टस नसलेली, पण तशीच गमतीदार आकाराची दोन रोपंही सांगतो. युफोर्बिया ओबेसा गोल, धारा असलेला, शिवलेल्या चेंडूसारखा, दक्षिण आफ्रिकेतल्या कारू या कोरड्या प्रदेशातला. याला पिल्लं क्वचितच येतात आणि नर-मादी रोपं वेगळी असतात, त्यामुळे बी हवं तर दोन्ही पाळावी लागतात. लिथोप्सचं, म्हणजे गोट्यासारख्या दिसणाऱ्या दोन पानांच्या रोपाचं, उलट गणित, ते आपल्याकडे दिवाळीनंतर जागे होतात, नवीन पानांची जोडी डोकावायला लागली की पाणी पूर्ण बंद, जुनी पानंच नव्यांना पाजतात आणि कागदासारखी होऊन गळतात. या वेळी दया येऊन पाणी घातलं की संपलं.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. जंगलातून उपटलेलं रोप घ्यायचं नाही. २०१५ च्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजाराहून जास्त कॅक्टस पकडले गेले. मेक्सिकोतला एरिओकार्पस हा कॅक्टस तर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, रानातल्या रोपांचा व्यापार बंद. ओळखायचं कसं, तर बियांपासूनचं रोप नीटस, गोलसर, एकसारखं असतं, आणि रानातलं जुनं रोप ओरखडे पडलेलं, बुडाशी लाकडासारखं, मुळं तुटलेली. मोठा एरिओकार्पस स्वस्तात मिळतोय म्हटलं की सरळ विचारा, बी कधी टाकलं होतं?

आणि हे सगळं लांबचं नाही बरं का. आपली शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका, शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी मांसल वनस्पती, महाराष्ट्राबाहेर जगात कुठेच रानात नाही. तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळी नक्षी. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. ट्रेकला गेलात, दिसली, तर फोटो काढा. नुसत्या फांदीपासून सहज येते, त्यामुळे ज्याच्याकडे लावलेली आहे त्याच्याकडून तुकडा मागा, कड्यावरून तोडायचं काहीच कारण नाही.

मोठा संग्रह डोळ्यांनी बघायचा असेल तर हरियाणातल्या पंचकुल्याची नॅशनल कॅक्टस गार्डन बघून या, सात एकरांत आहे, डॉ. जे. एस. सरकारिया यांनी उभी केली. कलमी रोपांसाठी पश्चिम बंगालमधल्या कालिम्पाँगच्या नर्सऱ्या प्रसिद्ध आहेत.

घरी आल्यावर लेबल लावायला विसरू नका. नाव, कुणाकडून घेतलं, कधी, खुंट कुठला. परमनंट मार्करची शाई उन्हात वर्षभरात उडते, पेन्सिलने लिहिलेलं पुष्कळ टिकतं. माझ्या एरिओकार्पसच्या लेबलवर २०१७ लिहिलंय, त्या वर्षी बी टाकलं, रोप अजून एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं आहे, आणि गेल्या नोव्हेंबरात त्याला पहिलं गुलाबी फूल आलं.