पाण्याने भरलेला मोठा फोड आला तर काय करावं?

नव्या बुटाने टाच घासली की दुसऱ्या दिवशी तिथे टच्च पाण्याचा फुगा दिसतो आणि हात आपोआप टाचणीकडे जातो. तो जरा आवरा. फोडावरची कातडी हीच खालच्या जखमेची सगळ्यात चांगली पट्टी असते. ती ओढून काढली की आतली लाल, ओली त्वचा उघडी पडते आणि जंतूंना आयती वाट मिळते.

1 सेंटिमीटरहून मोठ्या फोडाला डॉक्टर ‘बुला’ म्हणतात. त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी झिरपतं, एवढंच त्यामागचं गणित.

आधी कारण आठवा. घासलं, भाजलं, किडा चावला, झाडाचा चीक लागला की नवं औषध सुरू झालं? भाजलं असेल तर लगेच 20 मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच.

मग फोड नीट बघा. कारण काहीच आठवत नसेल तर हे जास्त महत्त्वाचं. फोड लिबलिबीत आहे, हात लागताच फुटतोय आणि तोंडातही चट्टे आहेत? मग पेम्फिगस या त्वचेच्या आजाराची शंका येते. त्यात त्वचेच्या वरच्या थरातच फट पडते, म्हणून फोडाचं छप्पर पातळ राहतं. बुलस पेम्फिगॉईड या दुसऱ्या आजारात तो वरचा थर अख्खाच खालून सुटतो, म्हणून फोड टणक असतो. हा बहुधा साठीनंतर होतो आणि कधीकधी फोड येण्याआधी कित्येक आठवडे नुसती खाजच सुटते. (नावं इतकी सारखी की गोंधळ होणारच.) दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली असते. हे आजार स्पर्शाने पसरत नाहीत. जंतुसंसर्गाने येणारे फोड मात्र पसरतात, तेव्हा टॉवेल वेगळा ठेवा.

घासल्याने आलेला लहानसा फोड झाकून ठेवा, तो आपोआप सुकतो. फारच ताणला असेल, चालता येत नसेल तरच पाणी काढा. हात आणि फोड साबणाने धुवा. निर्जंतुक सुईने कडेला, बुडाशी दोन-तीन भोकं पाडा आणि स्वच्छ गॉजने हलकेच दाबा. कातडी तशीच राहू द्या. वर पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारी पट्टी लावा, रोज बदला. मधुमेह असेल किंवा फोड भाजल्याचा असेल तर घरी सुई लावूच नका.

ताप, पू, पसरत जाणारी लाली किंवा अंगभर फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नव्या औषधानंतर डोळे, तोंड किंवा जननेंद्रियांवर फोड आले, कातडी सुटू लागली, तर थेट इमर्जन्सीत जा.

त्वचारोगतज्ज्ञ शंका असल्यास त्वचेचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. पेम्फिगॉईडला जोरदार स्टेरॉइड मलम किंवा गोळ्या लागतात. पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषधही वापरतात. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनानेच बंद करू नका, ते धोक्याचं असतं. जाताना चालू औषधांची यादी आणि फोडाचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो न्या. दवाखान्यात पोचेपर्यंत फोड फुटलेला असतो आणि तो टणक होता की लिबलिबीत, हे मग कुणालाच नीट आठवत नाही.