यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी कंट्रोलर निवडताना या चुका टाळा

पहिल्या प्रोटोटाइपवर २० व्होल्ट मिळाले म्हणजे पॉवर डिलिव्हरी (पीडी) कंट्रोलर, म्हणजे चार्जरशी व्होल्टेज आणि प्रवाह ठरवणारी चिप, बरोबर निवडला, असं धरून चालू नका. ओळखीचा चार्जर, नेहमीची केबल आणि आधीपासून चालू असलेलं बोर्ड एवढं जुळून आलं की जवळपास कुठलीही चिप चालते. कंट्रोलर निवडायचा तो अडचणीचे प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून: बॅटरी पूर्ण उतरली आहे, चार्जरकडे हवा तो व्होल्टेज नाही, किंवा केबल वाकडी होऊन निघते आहे.

वॅट बघितले, व्होल्टेज बघितला नाही

ही चूक सर्वांत जास्त होते. समजा उपकरणाला २० व्होल्टवर १ अँपिअर लागतो, म्हणजे २० वॅट. मग २० वॅटचा चार्जर पुरेल, असं वाटतं. पण पीडीच्या नियमांनुसार १५ वॅटच्या वरच्या चार्जरने ९ व्होल्ट देणं बंधनकारक आहे, १५ व्होल्ट २७ वॅटच्या वर आणि २० व्होल्ट ४५ वॅटच्या वर. त्यामुळे २० वॅटचा चार्जर २० व्होल्ट देईल ही अपेक्षाच चुकीची. गरज कमी असेल तर ९ व्होल्टवर चालणारी रचना करा आणि पुढे व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लावा.

१२ व्होल्टचंही तसंच. मोटर किंवा एलईडी पट्टीसाठी तो सोयीचा, पण ५, ९, १५, २० या ठरलेल्या पायऱ्यांत तो नाही. काही चार्जर देतात, बरेच देत नाहीत. १५ व्होल्ट मागून, व्होल्टेज कमी करणाऱ्या बक कन्व्हर्टरने खाली आणणं जास्त भरवशाचं.

मागणी मान्य झाली नाही तर हाती ५ व्होल्टच उरतात. यूएसबी-एच्या जुन्या चार्जरला ए-टू-सी केबलने जोडलं, तर पीडीचा संवादच होत नाही. अशा वेळी लोड तोडून ठेवणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) कंट्रोलर चालवतो का, करार (मागणी चार्जरने मान्य केल्याचा) झाल्याची खूण देणारी पिन त्याला आहे का, हे डेटाशीटमध्ये आधी शोधा. मला वॅटच्या आकड्यापेक्षा ही पिन महत्त्वाची वाटते.

चिप स्वस्त, काम मात्र तुमच्या गळ्यात

एसटीयूएसबी४५०० किंवा सीवायपीडी३१७७ यांसारखे सिंक (वीज घेणाऱ्या बाजूचे) कंट्रोलर चार्जरशी बोलणी स्वतःच करतात. पहिल्याची मांडणी (कोणता व्होल्टेज, किती प्रवाह मागायचा) आतल्या मेमरीत लिहायची, दुसऱ्याची पिनांवरच्या रेझिस्टरने ठरवायची. एफयूएसबी३०२ वेगळ्या जातीची चिप आहे. ती सीसी तारेवरचे (यूएसबी-सीमध्ये जोडणी ओळखणाऱ्या आणि पीडीचे संदेश नेणाऱ्या तारेवरचे) संदेश पाठवते आणि घेते. काय मागायचं आणि कधी मागायचं, हे सगळं तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या कोडने ठरवायचं.

इथे वेळेचं गणित कडक आहे. चार्जरने क्षमतांची यादी पाठवल्यावर सुमारे २४ ते ३० मिलिसेकंदांत मागणी पोहोचावी लागते. चिप यादीची पोच आपोआप देऊन मोकळी होते, पण कोड त्या वेळी डिस्प्ले सुरू करण्यात किंवा फ्लॅश मेमरी पुसण्यात गुंतलेला असेल तर मागणी उशिरा जाते. चार्जर हार्ड रिसेट करतो आणि व्हीबस (केबलमधली वीज देणारी तार) शून्यावर येतो. बॅटरी नसलेलं उपकरण मग बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा उशीर करतं. बोर्ड सतत बंद-चालू होत असेल तर पॉवर सप्लाय बदलण्याआधी हे तपासा. डीबगरने कोड मधेच थांबवला तरी हेच होतं, म्हणून अशा कोडची तपासणी लॉग लिहून करावी.

उपकरण फक्त वीज घेणार असेल तर ‘पुढे लागेल’ म्हणून ड्युअल-रोल (वीज घेणारी आणि देणारीही) चिप घेऊ नका. फर्मवेअर आणि चाचण्या दोन्ही वाढतात.

सीसी पिनांकडे दुर्लक्ष

सिंकवर सीसी१ आणि सीसी२ या दोन्हींना ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रेझिस्टर हवा. २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४च्या सुरुवातीच्या बोर्डांवर दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी केबलमधली चिप) असलेली केबल लावली की काही चार्जर त्या बोर्डाला ऑडिओ ॲडॉप्टर समजत आणि वीज देत नसत.

याच्या उलट चूकही होते. कंट्रोलरच्या आत हे रेझिस्टर असतानाही बाहेरून आणखी लावले जातात. मग मिळून २.५५ किलोओहम होतात आणि ३ अँपिअरचा चार्जर १.५ अँपिअरचा भासतो. पीडी करार झालेला नसताना जोडलेल्या सीसी पिनवर मल्टिमीटर लावा. साधारण ०.४ व्होल्ट म्हणजे मूळ यूएसबी प्रवाह, ०.९ म्हणजे १.५ अँपिअर, १.७ म्हणजे ३ अँपिअर. ३ अँपिअरच्या चार्जरवर १.७ऐवजी ०.८ ते १ व्होल्ट दिसला, तर आधी हा जास्तीचा रेझिस्टर शोधा.

बॅटरी मेलेली असताना हे रेझिस्टर पिनवर दिसले नाहीत, तर चार्जर व्हीबस सुरूच करणार नाही. चिपमध्ये ‘डेड बॅटरी’ची सोय आहे ना, हे पाहा.

कनेक्टरमध्ये व्हीबस आणि सीसी अगदी शेजारी आहेत. केबल तिरकी निघाली की २० व्होल्ट सीसीवर येऊ शकतात. चिपच्या सीसी पिनची कमाल मर्यादा ५-६ व्होल्टच असेल तर वेगळी संरक्षक चिप लागेल. ती निवडताना कपॅसिटन्स मोजा: सीसी पिनवर २०० ते ६०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की संदेश बिघडतात.

नावात ‘पीडी ३.१’ आहे म्हणून

२८, ३६, ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंतची शक्ती हा पीडी ३.१चा ईपीआर (वाढीव शक्तीचा) भाग आहे. प्रत्येक ‘पीडी ३.१’ चिपमध्ये तो असतोच असं नाही. चार्जर बनवत असाल आणि ३ अँपिअरच्या वर जायचं असेल, तर केबलमधला ई-मार्कर वाचण्यासाठी व्हीकॉन (त्या ई-मार्करला लागणारी वीज) पुरवणारा कंट्रोलरच घ्या.

कारखान्यातली मांडणी तशीच ठेवणं

एसटीयूएसबी४५०० सारख्या चिपमध्ये १५ आणि २० व्होल्टची मागणी कारखान्यातूनच भरलेली असते. तुमचं बोर्ड ९ व्होल्टचं असेल, तर पीडी चार्जर पहिल्यांदा जोडताच पुढचे भाग जळू शकतात. म्हणून नव्या बोर्डाला पहिली वीज यूएसबी-एच्या साध्या ५ व्होल्ट चार्जरवरून ए-टू-सी केबलने द्या. मांडणी लिहा, परत वाचून ताळा करा आणि मगच पीडी चार्जर लावा. उत्पादनातही हाच क्रम ठेवा.