थंड पाण्यात पोहताना कान-नाक जपायचं ते असं

ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावाचं पाणी बर्फासारखं गार असतं. गार पाणी एकाच कानात शिरलं की गरगरतं, म्हणून मऊ सिलिकॉनचे बोळे आणि वर घट्ट टोपी, दोन्ही हवंच. वर्षानुवर्षं गार लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढतं, पाणी अडकतं. हे वाढलेलं हाड औषधाने जिरत नाही, म्हणून आधीच जपा.

बाहेर आल्यावर मान कलती करून कानाची पाळी मागे-वर ओढा, पाणी ओघळेल. मग हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर लांबून. काडी घालू नका. मळ आत दाबला जातो, कातडी खरवडते आणि तिथेच जंतू धरतात.

नाक चोंदलं तर पाव लिटर पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, कोमट होऊ द्या. त्यात अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच नको, त्यातला अमीबा जिवावर बेततो. बेसिनवर वाकून मान कलती करा, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत धार सोडा. झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलंय. नंतर जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं.

कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर पोहणं बंद, कानात औषधाचे थेंबही नकोत, आधी डॉक्टर.