ड्रॉइंग काढताना या चुका टाळा, भुर्दंड जॉबवर्कवाल्याला पडतो

मशीन शॉपमध्ये जॉब (मशीनवर केलेला तुकडा) रिजेक्ट झाला की सगळ्यांचं बोट आधी ऑपरेटरकडे जातं. टूल झिजलं असेल, ऑफसेट चुकीचा टाकला असेल, पोराचं लक्ष नसेल. ड्रॉइंग कोणी उलगडून बघत नाही. क्वालिटीत बरीच वर्षं काढल्यावर, पुण्याजवळच्या भोसरीपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीपर्यंत जॉबवर्कवाल्यांच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग करून देणाऱ्यांच्या, टेबलाशी बसून तुकडे मोजल्यावर माझं मत पक्कं झालंय की ऑपरेटरच्या माथी मारलेल्या पुष्कळ चुका मुळात कागदावर झालेल्या असतात. त्याही नव्या नसतात. त्याच त्या, फक्त ड्रॉइंग नंबर वेगळा.

ड्रॉइंग काढणारा आणि जॉब करणारा एकमेकांना बहुतेक वेळा भेटतच नाहीत. रात्रपाळीला सेटरला शंका आली तर विचारायला कोणी नसतं, समोर फक्त कागद असतो. कागदावरच्या रेषेचा, चिन्हाचा, आकड्याचा अर्थ दोघांनी आधीपासून एकच धरलेला असेल तरच काम नीट होतं. तो आधी ठरवलेला अर्थ म्हणजे स्टँडर्ड. आपल्याकडे बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) तो एसपी ४६ या एकाच पुस्तकात आणून ठेवलाय, १९८८ मध्ये पहिल्यांदा आणि २००३ मध्ये सुधारून. शाळा-कॉलेजांसाठी काढलेलं, सोप्या भाषेतलं पुस्तक आहे. तरी कॅडचा क्लास करून थेट नोकरीला लागलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलंही नसतं. कमांड सगळ्या तोंडपाठ असतात. विभागरेषा कुठे कापायची, तुटक रेषा कशासाठी, हे विचारलं की गप्प. याचा मला मनापासून राग येतो, मुलांचा कमी आणि त्यांना असं घाईने बाहेर सोडणाऱ्यांचा जास्त.

प्रोजेक्शनचं चिन्ह: लहानसं दिसतं, अख्खा लॉट घालवतं

भारतात आणि युरोपात ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये थर्ड अँगलमध्ये. फरक व्ह्यू, म्हणजे तुकड्याचं एकेका बाजूने दिसणारं चित्र, कुठे ठेवायचा याचा आहे. उजव्या बाजूने पाहिलेला व्ह्यू थर्ड अँगलमध्ये उजवीकडेच येतो, फर्स्ट अँगलमध्ये तो डावीकडे जातो. वरून पाहिलेला व्ह्यू थर्डमध्ये वर, फर्स्टमध्ये खाली. कोणती पद्धत वापरली ते टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतलं, छाटलेल्या शंकूचं चिन्ह सांगतं. लक्षात ठेवायची खूण अशी: दोन वर्तुळं शंकूच्या बारीक टोकाकडे असली तर थर्ड अँगल, जाड टोकाकडे असली तर फर्स्ट अँगल.

आता घडलेलं सांगतो. एका कंपनीला अमेरिकेच्या ग्राहकाची ऑर्डर होती. एल आकाराचा ब्रॅकेट, एक पाय लांब, एक आखूड, आणि आखूड पायातलं आरपार भोक मध्यरेषेपासून एका अंगाला सरकलेलं. ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये होतं, चिन्हासकट, एकदम व्यवस्थित. पण जॉबवर्कला देताना ग्राहकाचं नाव दिसू नये म्हणून कंपनीतल्या ड्राफ्ट्समनने सगळे व्ह्यू उचलून स्वतःच्या टेम्पलेटमध्ये चिकटवले. त्या टेम्पलेटच्या टायटल ब्लॉकमध्ये फर्स्ट अँगलचं चिन्ह आधीपासून छापलेलं होतं. व्ह्यू थर्ड अँगलच्या जागी, चिन्ह फर्स्ट अँगलचं.

जॉबवर्कवाला जुना माणूस, आयटीआयत फर्स्ट अँगल शिकलेला. त्याने चिन्ह पाहिलं, व्ह्यू तसेच वाचले आणि व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) लॉट काढून दिला. इनवर्ड इन्स्पेक्शनला व्हर्नियर लावला, हाइट गेज लावला, सगळी मापं बरोबर. भोक मध्यरेषेपासून जितकं सरकायला हवं तितकंच सरकलेलं, फक्त दुसऱ्या अंगाला. अँगल चुकला की तुकडा आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो आणि एकही आकडा बदलत नाही. म्हणून ही चूक मोजून सापडत नाही, असेंब्लीला सापडते. इथेही तसंच झालं. बोल्ट बसेना तेव्हा कळलं, तोवर प्लेटिंगसुद्धा होऊन गेलं होतं.

त्या वादात मला बोलावलं गेलं. कंपनीचं म्हणणं, "इतकी वर्षं काम करतोय, त्याला कळायला नको?" मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि स्पष्ट सांगितलं की त्याने ड्रॉइंग बरोबर वाचलंय, तुम्ही चुकीचं दिलंय. हे मान्य व्हायला वेळ लागला. त्या वेळात त्याचं बिल अडकून राहिलं, मटेरियल त्याच्या शेडमध्ये पडून राहिलं आणि बँकेचा हप्ता त्याचा त्यालाच भरावा लागला. ड्राफ्ट्समनची वाचलेली मेहनत म्हणजे तीन व्ह्यू नव्याने मांडण्याची. एवढ्यासाठी.

तेव्हापासून माझी एक सवय आहे आणि ती मी सोडत नाही. सिमेट्री नसलेला कुठलाही जॉब असला की प्रिंटच्या कोपऱ्यात पेन्सिलने हाताने आयसोमेट्रिक (तीन बाजू एकत्र दिसणारं) चित्र काढतो आणि ड्रॉइंग काढणाऱ्याची त्यावर सही घेतो. चित्र सुबक नसलं तरी चालतं. "आजकाल थ्रीडी मॉडेल असतं की" असं मला ऐकवतात. मॉडेल डिझाइनरच्या कॉम्प्युटरवर असतं, मशीनशेजारी तेल लागलेला कागदच असतो. कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक तपासाच: टेम्पलेट अमेरिकन निवडलं असेल तर व्ह्यू आपोआप थर्ड अँगलमध्ये पडतात, आणि टायटल ब्लॉक तुमच्या कंपनीचा जुना असेल तर दोघांचा मेळ बसेलच असं नाही.

टॉलरन्स: एकतर कुठेच नाही, नाहीतर सगळीकडे

पहिली तऱ्हा म्हणजे ड्रॉइंगवर फक्त मापं, टॉलरन्सचा, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल याचा, पत्ता नाही. जनरल टॉलरन्सचा रकाना रिकामा, किंवा त्यात "ॲज पर स्टँडर्ड" असं लिहिलेलं. कोणत्या स्टँडर्डप्रमाणे? आयएसओ २७६८ चा पहिला भाग घ्या, आपल्याकडे तोच आयएस २१०२ म्हणून आहे. त्यात फाइन, मीडियम, कोर्स आणि व्हेरी कोर्स असे चार वर्ग आहेत. ८० मिलिमीटरच्या मापाला फाइनमध्ये ±०.१५ मिळतात, मीडियममध्ये ±०.३, कोर्समध्ये ±०.८. म्हणजे वर्ग लिहिला नाही तर एकच तुकडा एकाच्या हिशेबाने पास आणि दुसऱ्याच्या हिशेबाने फेल. रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये मग जो मोठ्याने बोलतो त्याचा वर्ग लागू होतो, आणि मोठ्याने बोलणारा कधी जॉबवर्कवाला नसतो.

स्टँडर्डचं नाव लिहिताना त्याचं सालही बघत जा. "२७६८-एमके" असं टायटल ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं छापलं जातंय. त्यातलं के हे अक्षर दुसऱ्या भागातलं आहे, आणि तो दुसरा भाग मागे घेऊन २०२१ मध्ये त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. जुन्या ड्रॉइंगवर ते राहू द्या. नव्या ड्रॉइंगवर मात्र टेम्पलेटमध्ये आहे म्हणून तसंच पुढे ढकलू नका.

दुसरी तऱ्हा याहून महाग. भीतीपोटी सगळ्याच मापांना ±०.०१. मशीनच्या साध्या पत्र्याच्या कव्हरवर, ज्याला कुठेही काही बसायचं नाही, बाहेरच्या लांबीला दहा मायक्रॉनची (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची) मुभा दिलेली मी पाहिली आहे. डिझाइनरला विचारलं तर म्हणाला, "सेफ साइडला असू दे." सेफ कोणासाठी? ही माझ्या मते निव्वळ आळसाची पद्धत आहे. कोणतं माप महत्त्वाचं आहे याचा विचार करायचा कंटाळा, म्हणून सगळीच महत्त्वाची करून टाकायची. मग जॉबवर्कवाला ग्राइंडिंगचा भाव लावतो, खरेदीवाला तो घासाघीस करून मिलिंगच्या भावावर आणतो, आणि जिथे खरंच दहा मायक्रॉन हवे होते त्या बेअरिंगच्या सीटकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

यातच आणखी एक सापळा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तीन दशांश स्थळं लावून ठेवायची आणि ८० च्या जागी ८०.००० छापायचं. आयएसओ पद्धतीच्या ड्रॉइंगवर त्या शून्यांना काही अर्थ नाही. अमेरिकन पद्धतीच्या टायटल ब्लॉकमध्ये मात्र बहुतेकदा दशांश स्थळांवरून टॉलरन्स ठरवणारा तक्ता असतो: दोन स्थळांना इतका, तीन स्थळांना इतका. तिथे ते तीन शून्य म्हणजे कडक टॉलरन्सची मागणी. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा राहिला आणि भाव दुप्पट झाला असं होऊ शकतं.

आणि फिट, म्हणजे शाफ्ट (दांडा) भोकात किती सैल किंवा घट्ट बसावा हे, शब्दांत लिहू नका. "पुश फिट", "हलका टाइट", "सरकता बसेल असा" हे टर्नरच्या हाताच्या अंदाजावर सोडलेलं माप आहे. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच७ ही स्टँडर्डमधली खूण लिहिली की ते २५.००० ते २५.०२१ मध्ये हवं, यात कोणाचं मत येत नाही. शाफ्ट जी६ लिहिला की तो २४.९८० ते २४.९९३. दोन्ही मिळून कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट, शाफ्ट पुण्यात झाला आणि भोक नाशिकला झालं तरी. मी स्वतः एच७ च्या शेजारी मर्यादेचे आकडेही लिहायला लावतो. जागा जास्त लागते, पण रात्री तक्ता शोधायला कोणाला धावावं लागत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जर्मन ड्रॉइंगवरचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू. १२,५०० म्हणजे साडेबारा. चाकणला जर्मन ग्राहकांचं काम करणाऱ्यांनी तरी हे पहिल्या दिवशी नव्या माणसाला शिकवावं.

थ्रेडला नुसतं एम१० लिहिलं तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिलिमीटर धरला जातो. १.२५ हवा असेल तर एम१० × १.२५ असं पूर्ण लिहा.

"१/४ इंची थ्रेड" हे माप अर्धवट आहे. बीएसपीमध्ये (पाइपचा ब्रिटिश थ्रेड) इंचाला १९ आटे आणि ५५ अंशांचा कोन, एनपीटीमध्ये (पाइपचा अमेरिकन थ्रेड) १८ आटे आणि ६० अंश. १/२ इंचीची गोष्ट जास्त वाईट, कारण दोन्हीकडे आटे १४च. फिटिंग सुरुवातीला छान चढतं, सगळ्यांना वाटतं जमलं, आणि प्रेशर दिल्यावर गळायला लागतं. मग टेफ्लॉन टेपचे थरावर थर. टेपने थ्रेडचा कोन बदलत नाही.

फिनिशसाठी अजून उलटे त्रिकोण काढणारे आहेत. दोन त्रिकोण म्हणजे किती, हे दोन शॉपमध्ये दोन तऱ्हेचं असतं. आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा) ३.२ किंवा आरए १.६, जे हवं ते लिहा.

एकच माप दोन व्ह्यूंमध्ये देऊ नका. पुढे बदल होतो तेव्हा एका ठिकाणी आकडा बदलतो, दुसऱ्या ठिकाणी जुनाच राहतो.

प्रिंटवर पट्टी लावून माप काढायचं नाही. झेरॉक्समध्ये कागद किती आक्रसला हे कोणी सांगत नाही. माप नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा.

सूत (इंचाचा आठवा भाग) आणि मिलिमीटर एकाच ड्रॉइंगवर नको. तोंडी बोलताना सूत ठीक आहे, कागदावर एकच एकक.

रेव्हिजन

फोनवर आलेला ड्रॉइंगचा फोटो हे ड्रॉइंग नाही. त्यात टायटल ब्लॉक बहुतेकदा कापलेला असतो, म्हणजे रेव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते), मटेरियल, प्रोजेक्शन सगळं गेलं. तरी अर्ध्या इंडस्ट्रियल इस्टेटचं काम अशा फोटोंवर चालतं, कारण तातडी असते. तातडी सगळ्यांना असते. रिवर्क करायला मग वेळ कुठून येतो हे मी विचारतो तेव्हा उत्तर मिळत नाही.

रेव्हिजन बी मध्ये भोक ८ चं ८.५ झालं, ड्रॉइंग बदललं, पण बदलाच्या रकान्यात फक्त "अपडेटेड" लिहिलं, हेही नेहमीचंच. काय होतं, काय झालं, कोणत्या चौकटीत, कोणी, कधी, एवढं लिहायला दोन ओळी लागतात. तारीखही ०४/०५ अशी लिहू नका, अमेरिकन माणूस तिला ५ एप्रिल वाचतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आयएसओ ८६०१ प्रमाणे. रेव्हिजनला आय आणि ओ ही अक्षरं देऊ नका, ती एक आणि शून्य म्हणून वाचली जातात.

मी ज्या शॉपमध्ये जातो तिथे दोन गोष्टी करायला लावतो. नवी रेव्हिजन आली की जुनी प्रिंट मशीनवरून स्वतः जाऊन काढायची आणि फाडायची. फाइलमध्ये मागे सरकवून ठेवलेली जुनी प्रिंट कधी ना कधी पुढे येतेच. दुसरी गोष्ट जॉबवर्कवाल्यांसाठी आहे आणि ती मी त्यांना हात जोडून सांगतो. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ड्रॉइंग नंबरसोबत रेव्हिजनचं अक्षर नसेल तर मटेरियल कापू नका. "तेच आहे, करून टाका" असं फोनवर कोणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी एका ओळीचा ई-मेल मागा, आणि तो येईपर्यंत मशीनवर दुसरा जॉब लावा.