पीएचपीचं संदर्भपुस्तक घेताय? आधी कॉपीराइटचं पान उघडा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पीएचपीची, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची, जाडजूड पुस्तकं आजही मिळतात. त्यातली बरीचशी घेऊ नका, हे आधीच सांगते. क्लासच्या सरांनी सांगितलं, सीनियरने हेच वापरलं, ही पुस्तक घेण्याची कारणं होऊ शकत नाहीत. त्यांनी ते कधी वापरलं, ते विचारा.

मला ज्याने सगळ्यात जास्त छळलं ते सविस्तर सांगते. कॉपीराइटच्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण. आवृत्ती बदलते तेव्हा मजकुरावर हात फिरतो. पुनर्मुद्रणात तोच मजकूर नव्या कागदावर येतो. 'पुनर्मुद्रण 2019' वाचून पुस्तक 2019 चं वाटतं, पण वर आवृत्ती 2010 ची असेल तर आतलं पीएचपी 2010 चंच. दुकानदार 'नवा माल आहे' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, माल नवाच असतो. म्हणून आवृत्तीचं साल बघा, आणि लगेच डेटाबेसचं प्रकरण उघडा. तिथे 'मायएसक्यूएल_कनेक्ट' दिसलं की पुस्तक परत ठेवा. डेटाबेसला जोडणारी ही 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणारी फंक्शन्स 2013 मध्ये पीएचपी 5.5 ने कालबाह्य ठरवली आणि डिसेंबर 2015 मध्ये 7.0 ने काढूनच टाकली. आजच्या सर्व्हरवर तो कोड 'अनडिफाइन्ड फंक्शन' म्हणून जागीच थांबतो आणि नवख्या माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. झॅम्प (आपल्या संगणकावर पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. तुमच्या जाऊ नयेत.

एरर तरी दिसतो. त्याहून वाईट म्हणजे जे चुकीचं असूनही चालतं. पासवर्ड एमडी5 (सहज फोडता येणारी जुनी पद्धत) करून साठवा असं सांगणारं, किंवा फॉर्ममधून आलेलं नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, ओळीत जोडणारं पुस्तक फुकट मिळालं तरी नको. 5.5 पासून पासवर्ड सुरक्षित साठवायला 'पासवर्ड_हॅश' भाषेतच आहे, आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आलेली माहिती क्वेरीपासून वेगळी ठेवायची सोय) त्याहून जुने आहेत.

मुखपृष्ठावर 'पीएचपी 6' दिसलं तर आत बघायचीही गरज नाही. 6 कधी आलंच नाही. 2010 मध्ये ते काम सोडून दिलं, आणि 5.6 नंतर थेट 7 आलं. पुस्तकं मात्र त्याआधीच छापून झाली होती.

पुस्तकाची आवृत्ती पीएचपी 8 आल्यानंतरची असेल तर उत्तम. नोव्हेंबर 2020 च्या 8.0 पासून शून्य आणि 'अबक' ही स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिली तर उत्तर 'फॉल्स' येतं, आधी 'ट्रू' यायचं. लेखकाला हा बदल माहीत आहे का, हे तुलनेच्या प्रकरणात लगेच कळतं.

फंक्शन्सची नुसती यादी असेल तर पैसे घालवू नका. अधिकृत मॅन्युअल फुकट आहे आणि ताजंही. कंपोझर (इतरांचा तयार कोड आपल्या प्रकल्पात आणणारं साधन), एरर हाताळणं, फायलींची मांडणी हे एकत्र कसं बसतं ते समजावणारं पुस्तक मात्र जरूर घ्या. टेलिग्रामवरच्या पीडीएफचा मोह टाळा, त्यात बहुतेकदा कॉपीराइटचं पानच नसतं.

आणि जुनं पुस्तक आधीच घेतलं असेल तर घाबरू नका. लूप, ॲरे, सेशन, रिक्वेस्ट कशी येते, हे त्यातून आजही नीट शिकता येतं. डेटाबेस आणि लॉगिनची प्रकरणं तेवढी सोडा, त्यांच्यासाठी मॅन्युअलमधली पीडीओ आणि 'पासवर्ड_हॅश'ची पानं वाचा.